धावपट्टीचा उतार

अप्पा,

हे लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले. एकदा कूलर बंद केला, एकदा पुन्हा चालू केला आणि तिसऱ्यांदा उगाचच जिना चढून वर गेले, टेबलावरची चादर नीट करून आले. चादर नीटच होती. तुम्ही गेल्याला पंधरा दिवस झाले आणि या पंधरा दिवसांत मी सलग दहा मिनिटं एका जागी बसले असेन असं वाटत नाही. आई म्हणतात, पायाला भिंगरी लावलीस का गं. तुम्ही असतात तर जिन्यावरूनच म्हणाला असतात, "साहेबाला साइट बोलवायलीय."

साहेब हे तुम्ही मला दिलेलं नाव. जिना उतरून स्वयंपाकघरात आले की मी तुमची सून, वैशाली. जिना चढून पत्र्याच्या खोलीत गेले की साहेब. उभं आयुष्य तुम्ही डांबरी रस्त्यांच्या कामावर मुकादम म्हणून काढलं. तुमच्या लेखी नकाशा ज्याच्या हातात तो साहेब, मग तो वयानं कितीही लहान असो. आणि आपल्या घरात नकाशे माझ्या हातात असायचे, कारण बिल्डरांना इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करून देणं हा माझा धंदा. आमचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "सून घरं बांधती. फक्त आत कुणाला राहता येत नाय." मला तेव्हा राग यायचा. तुम्ही ते कौतुकानं म्हणत होतात हे कळायला मला बराच वेळ लागला. तुमचं बरंचसं असंच उशिरा कळलं, आणि त्याचाच आता त्रास होतोय.

विमानतळाचं काम आलं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. वैमानिक तयार करणाऱ्या एका संस्थेला दर्शनी दालनात ठेवायला अख्खा विमानतळ हवा होता, आठ फूट बाय चार फूट, वर काचेची पेटी. सगळं खऱ्याच्या चारशे पट लहान. मी टर्मिनल केलं, हँगर केले, मनोरा केला. धावपट्टी शेवटी ठेवली, कारण ती सगळ्यात सोपी वाटली. एक लांब पट्टी कापायची, काळा रंग मारायचा, पांढरे पट्टे ओढायचे, झालं. तसा रंग मारून मी पंख्याखाली वाळवत होते आणि तुम्ही चहाचे दोन कप घेऊन वर आलात.

"हे काय हाय?"

"धावपट्टी."

"मला वाटलं शाळेतला फळा."

त्या एका वाक्यानं तुम्ही माझ्या कामात शिरलात ते शिरलातच. मी तुम्हाला सांगितलं की डांबर काळंच असतं. तुम्ही चहा संपवला आणि मला भर दुपारी स्कूटर काढायला लावलीत. गारखेड्यातून मोठ्या रस्त्याला लागलो आणि तुम्ही मागून खांद्यावर टकटक केलं, थांब म्हणालात. आपण दोघं रस्त्याच्या कडेला उभे. लोक बघत होते. तुम्ही म्हणालात, काळा कुठं दिसतो दाखव. आणि अप्पा, खरंच नव्हता. राखाडी होता, कुठे निळसर, कुठे मातकट, जिथे नवीन ठिगळ होतं तेवढंच काळं. रोज त्या रस्त्यावरून जाणारी मी, आणि मी तो कधी बघितलाच नव्हता. डांबर पहिले काही दिवसच काळं असतं, मग ऊन त्याला खातं, असं तुम्ही सांगितलंत. मी घरी येऊन तो फळा मोडीत काढला.

मग आपण काळा पॉलिश पेपर, लाकूड घासायचा तो खरखरीत कागद, लावला, त्यावर राखेचं पाणी फिरवलं. राख चुलीचीच पाहिजे हा तुमचा हट्ट. गारखेड्यात, भर शहरात, चूल कुठून आणायची? तुम्ही गंगापूरकडच्या कुणा ओळखीच्याकडून पिशवीभर राख मागवलीत आणि आईंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून ती वस्त्रगाळ केलीत. आई म्हणाल्या, आयुष्यात कधी पीठ चाळलं नाय या माणसानं. विमानांच्या चाकांचे काळे ओरखडे पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटानं ओढून काढले, ते तुम्हीच. ते कुठे दाट आणि कुठे विरळ, हे ठरवायला तुम्ही आठवडाभर गच्चीवर बसलात, विमानं कोणत्या बाजूनं उतरतात ते बघत. शेजारचे विचारायचे, अप्पा, कुणी यायचंय का?

आकड्यांचं तर मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठे आकडे असतात, दिशेचे, अंशांतलं शेवटचं शून्य गाळून. उगवतीचा नऊ, मावळतीचा सत्तावीस. मी मोठ्या ऐटीत तुम्हाला समजावून सांगितलं आणि मावळतीच्या टोकाला सत्तावीस रंगवला. तुम्ही बराच वेळ त्याच्याकडे बघत होतात. मग विचारलंत, "इकडून विमान आत आलं तर त्याचं तोंड कुणीकडं?" उगवतीकडे, मी म्हणाले. "मग त्याला सत्तावीस कशाला दाखवायलीस?" मी कपाळावर हात मारला. आकडा विमान ज्या दिशेनं तोंड करून धावतं तिचा असतो, टोक ज्या दिशेला आहे तिचा नव्हे. वैमानिक शिकवणाऱ्या संस्थेच्या दारात मी उलटा विमानतळ नेऊन ठेवला असता. तुम्ही आयुष्यात विमानात बसला नव्हतात. तुम्ही हसलाही नाहीत. टर्पेंटाइनची बाटली पुढे सरकवलीत, बस.

आणि प्रत्येक टप्पा झाला की हात पुसत उभं राहायचं आणि विचारायचं, "साहेब, पुढं घेऊ का?" ही तुमची साइटवरची रीत. डांबराचा थर पडला, रोलर फिरला की टँकरनं मधोमध पाणी सोडायचं, ते कुठे थांबतं का बघायचं, आणि साहेब "घ्या पुढं" म्हणाला की टोळी पुढच्या तुकड्याला. तोवर कुणी हलायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, सासऱ्यांना काय परवानगी द्यायची. मग मलाही गंमत वाटायला लागली. कमरेवर हात ठेवून, मुद्दाम जरा वेळ लावून, मी म्हणायचे, घ्या पुढं. तुम्ही सलाम ठोकायचात. खालून आई ओरडायच्या की भाकरी गार व्हायल्या.

आता भांडणाकडे येते. टाळून टाळून किती टाळणार.

पॉलिश पेपर लावलेली ती पट्टी पायावर, म्हणजे खालच्या प्लायवर, चिकटवायची होती. तेवढंच राहिलं होतं. तुम्ही म्हणालात, अशी सपाट नको बसवू. रस्ता असो नाही तर धावपट्टी असो, मधे उंच आणि दोन्ही कडांना खाली पाहिजे. मी म्हणाले, मला माहिती आहे अप्पा, पण खऱ्या धावपट्टीवर जो फूटभराचा चढ असतो तो इथे पाऊण मिलिमीटर होतो. कुणाला दिसणार आहे?

"पाण्याला दिसतं."

"इथे पाणी कुठून येणार? काचेच्या पेटीत राहणार आहे हे."

"पाणी कुठून बी येतंय."

दोन दिवस हेच चाललं. तुम्ही आवाज कधी चढवला नाहीत, पण विषय सोडलाही नाहीत. जेवताना वरणाच्या वाटीकडे बघून म्हणायचात, पाणी वाट शोधतंय. संदीप, तुमचा मुलगा, आम्हा दोघांच्या मधे बसून खाली मान घालून जेवायचा. तिसऱ्या दिवशी संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला, काम लांबतंय म्हणून त्यांनी बरंच सुनावलं. मी फोन ठेवला आणि वळले तर तुम्ही हातात एक पुठ्ठ्याची पट्टी घेऊन उभे. मी बोलले. शब्दन् शब्द आठवतो, विसरता येत नाही.

"अप्पा, हा रस्ता नाही. शोभेची वस्तू आहे ही. तुम्ही खाली जाऊन बसा ना जरा."

तुम्ही पुठ्ठा ठेवला. हात पुसले.

"बरं साहेब."

आणि जिना उतरून गेलात. पुढचे तीन दिवस तुम्ही वर आला नाहीत. चहा वर आला नाही. मीही खाली येऊन बोलले नाही, कारण मला वाटत होतं की मी बरोबर आहे, आणि बरोबर असणाऱ्या माणसानं आधी का बोलायचं. इतकी मूर्ख मी.

चौथ्या दिवशी मी लासूर स्टेशनला माहेरी गेले, चुलतभावाच्या मुलीचं बारसं होतं. संध्याकाळी परत आले, वर गेले, तर पट्टी चिकटवलेली. माझ्याशिवाय, मला न विचारता. मी स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवून बघितली तर ती मधे टेकली आणि दोन्ही बाजूंना डुलायला लागली. मला वाटलं प्लाय फुगला. तुम्हाला ओल्या फडक्यानं टेबल पुसायची सवय होती, त्यामुळे पाणी मुरलं आणि लाकूड फुगलं, असं मी एका क्षणात ठरवून टाकलं. मग खाली आले. तुम्ही ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतात. मी तुमच्याशी बोललेच नाही. संदीपला सांगितलं, पण तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. घरात दोन-दोन मुकादम झाले की असंच होतं, आता सगळं उचकटून पुन्हा करावं लागणार.

तुम्ही एकदा वर बघितलंत. मग पुन्हा शेंगा.

एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? मी अजून भांडतेय तुमच्याशी, यावरूनच भांडतेय. एवढंच म्हणायचं होतं की उतार दिलाय साहेब. मी चिडले असते, ओरडले असते, रात्रभर धुसफुसले असते आणि सकाळी चहा घेऊन तुमच्यासमोर बसले असते. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. मुकाट्यानं शेंगा फोडत बसलात.

सकाळी मी तुम्हाला चहा दिला नाही. आईंनी दिला. मी लवकरच निघून क्रांती चौकात गेले, रंगाच्या दुकानासमोर, दुकान उघडलेलंही नव्हतं. खरं तर मला तो रंग त्या दिवशी नकोच होता. घरातून बाहेर पडायचं होतं फक्त. मी बंद शटरसमोर उभी होते आणि संदीपचा फोन आला. आंघोळ करून तुम्ही खुर्चीत बसलात आणि मान खाली गेली. मी पोचले तोवर आईंनी तोंडात पाणी घातलेलं होतं. तुमच्या डाव्या अंगठ्याच्या नखात गोंद वाळलेला दिसला मला. मी तो बघितला, आणि तेव्हाही मनात आलं की हो, हाच तो गोंद. लाज वाटते सांगायला, पण आलं.

सुतकाचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. घर माणसांनी भरलेलं, बायका सतरंजीवर, आणि मी त्यांच्यात बसून बोटांनी सतरंजीची दोरी उसवतेय. काम करायचं नव्हतं आणि कामाशिवाय मला रडता येत नाही. एकदा कुणीतरी म्हणालं की जास्तीच्या गाद्या वर टेबलावर ठेवल्यात, आणि मी त्या सगळ्या बायकांमधून उठून जिन्यानं पळाले. गाद्या दुसऱ्या टेबलावर होत्या. खाली आले तेव्हा तुमच्या धाकट्या बहिणीनं आईंच्या कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते तुम्हाला कळेलच.

दहाव्याला संदीप नदीवर गेला होता. परत आला तो हलका होऊन. पान ठेवून मागे सरकलो न सरकलो तोच कावळा शिवला, म्हणाला, कुणाला काही बोलावंच लागलं नाही. सगळ्यांनी हात जोडले. अप्पांचं काही मागे राहिलं नाही, समाधानानं गेले, असं प्रत्येकजण म्हणायला लागला. मला मात्र राग आला. तुमचं काहीच राहिलं नव्हतं? वर आठ फुटांचं टेबल अर्धवट पडलेलं, सून तुमच्याशी अबोला धरून बसलेली, आणि तुम्हाला एवढी घाई? निदान जरा वेळ तरी लावायचात. मला तिथे नेलं असतं, मी काहीतरी बोलले असते.

बशीरचाचा आले ते अकराव्या दिवशी दुपारी. तुमच्या टोळीत रोलर चालवायचे, ते. मी त्यांना लग्नात एकदाच बघितलं होतं. केळी घेऊन आले, आईंसमोर बसले. मग हळूहळू तुमच्या साइटच्या गोष्टी सुरू झाल्या. एकदा कुणी नवा साहेब होता, त्यानं रस्ता सपाटच टाका म्हणून सांगितलं, आणि तुम्ही मान डोलावलीत. चाचा सांगत होते आणि मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या.

"हमारा मुकादम किसी साहब से लड़ा नहीं कभी. 'बरं साहेब' बोलता था, और करता वोइच था जो सही है. साहब को बाद में पानी बताता था."

"मग ते साहेब चिडायचे नाहीत?" मी विचारलं.

"चिढ़ना क्या? सब तरफ पानी खड़ा, हमारा टुकड़ा सूखा. फिर साहब बोलता, मैंनेच बोला था उसको." आणि चाचा हसले, आणि हसता हसता रुमाल काढला.

माझ्या हातातला तांब्या मी कुठे ठेवला मला आठवत नाही. मी वर गेले. चादर काढली. पट्टीच्या उगवतीच्या टोकाला पुट्टीची पातळ सुरी घातली आणि चार बोटं पट्टी उचलली.

प्लाय फुगलेला नव्हता. कोरडा ठणठणीत होता. त्याच्यावर कार्डाच्या पट्ट्या होत्या, मधोमध चार थर, बाजूला तीन, मग दोन, कडेला एक, आणि अगदी काठाशी काही नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा अरुंद, इतका नेमका कापलेला की माझ्या कटरनं मलाही जमला नसता. आणि त्या पट्ट्यांवर सोनेरी अक्षरं. एका पट्टीवर "चि. संदीप" मधला "संदी" एवढाच, दुसरीवर गणपतीचा अर्धा मुकुट. अप्पा, तुम्ही आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापल्या होत्या.

आई मागून आल्या होत्या, गुडघे दुखत असताना जिना चढून. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या व्हय? तू लासूरला गेली होतीस त्या दिवशी ट्रंकेतून काढून नेल्या. म्हणले, साहेबाला लागायलेत. मला वाटलं, तूच मागितल्यास."

मी खाली बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी नीट रडले. आई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मधेच म्हणाल्या की एक तरी पत्रिका शिल्लक ठेवायची होती या माणसानं. चाचा दारापर्यंत आले होते. त्यांनी टेबलाकडे बघितलं, वाकून एक डोळा मिटून पट्टीच्या लांबीवरून नजर टाकली, तुम्ही टाकायचात अगदी तशी, आणि विचारलं, पानी डालके देखा क्या? मी घाईनं नको म्हणाले. पॉलिश पेपर, राख, पेन्सिलीची पूड. वर वार्निशचे दोन हात दिलेत खरे, पण खात्री कुठे होती. पाणी मुरलं असतं तर चार महिन्यांचं काम गेलं असतं, आणि त्यातलं तुमच्या हाताचं होतं ते पुन्हा करायला तुम्ही नव्हतात.

उचललेलं टोक मी परत चिकटवलं. तिथे सुरीचा एक बारीक ओरखडा राहिलाय. त्याला मी नव्या डांबराचं ठिगळ केलं, काळं, त्या दुपारी रस्त्यावर बघितलं होतं तसं. चाळलेली राख संपली होती, म्हणून ते काळंच ठेवावं लागलं. तुम्ही म्हणाला असतात, ऊन खाईल त्याला.

काल व्यवस्थापकांचा फोन आला. दुःखद प्रसंगाबद्दल दोन वाक्यं बोलून ते मुद्द्यावर आले. परवा सकाळी टेम्पो पाठवतो म्हणाले, आणि यादी वाचायला लागले, दिवे लागतात ना, मनोरा नीट आहे ना, धावपट्टी सपाट आहे ना. मी म्हणाले, नाही. मग मी त्यांना सांगितलं की धावपट्टी सपाट नसते, मधे उंच असते, पाणी दोन्ही बाजूंना जायला. त्यांनी विचारलं, पण ते कुणाच्या लक्षात नाही ना येणार? मी म्हणाले, कुणाच्याच नाही. मग ठीक आहे, म्हणाले. फोन ठेवल्यावर मला जाणवलं की मी तुमचंच वाक्य बोलून गेले, आणि ते किती सोपं होतं. तीन दिवस अडून बसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

तर आता टेबल उद्या जाणार. काचेच्या पेटीत बसणार. माझ्या हातून एकदा गेलं की त्यावर पाणी पडायची वेळ कधीच येणार नाही, म्हणजे तुमचा उतार खरोखर कामाचा आहे की नाही हे कुणाला कळणारही नाही. मला सकाळपासून हेच खातंय. पत्रिका सापडल्या, तुमचा राग नव्हता हे कळलं, एवढ्यावर मन थांबायला हवं होतं. थांबत नाही. कारण मी तुम्हाला अजून तपासलेलं नाही. साइटवर काम बघून पास होत नाही, पाणी सोडून होतं, हे तुम्हीच शिकवलंत. आणि समजा सोडलं, आणि ते मधेच साचून राहिलं, पेपर फुगला, तर? तर मला उद्या टेम्पो परत पाठवावा लागेल, आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही चुकला होतात हे मला एकटीला माहीत असेल. नाही सोडलं तर तुमचा तुकडा तपासणीशिवाय पुढे जाईल. असं तुमच्या आयुष्यात कधी झालं नसेल, आणि ते माझ्या हातून

हे वाक्य अर्धं टाकून उठले होते. आता परत येऊन बसलेय.

तांब्या घेऊन वर गेले. आईंना हाक मारली, त्या आल्या. त्यांनी विचारलं नाही काय करणार आहेस. मी पट्टीच्या मधोमध, पांढऱ्या तुटक रेषेवर, पाणी सोडलं. थेंब थेंब नाही, धार धरली, तुमची टँकरची धार असेल तशी. पाणी रेषेवर क्षणभर थांबलं. मग ते दुभंगलं. अर्धं उजवीकडे, अर्धं डावीकडे, पेन्सिलीच्या ओरखड्यांवरून, न साचता, काठापर्यंत गेलं आणि आपण गवत म्हणून लावलेल्या हिरव्या भुशात उतरलं. मी जरा पुढे सरकून पुन्हा सोडलं, मग ठिगळाजवळ. सगळीकडे तेच. तांब्या रिकामा झाला. पूड जागची हलली नव्हती. आई म्हणाल्या, "कुठंच थांबायलं नाय की."

नाही थांबलं, अप्पा. दोन मिनिटांत धावपट्टी पंख्याखाली वाळली आणि पुन्हा राखाडी झाली.

मी कमरेवर हात ठेवले. तुम्ही उभे राहायचात त्या कोपऱ्याकडे बघितलं, जिथे तुमचं हात पुसायचं फडकं अजून खिळ्याला आहे. मला तुमची माफी मागायची होती, पंधरा दिवस मनातल्या मनात तीच जुळवत होते. पण तुम्ही माफी ऐकायला थांबला नव्हतात. तुम्ही जे ऐकायला थांबायचात ते माझ्याकडून राहून गेलं होतं, आणि मला सोडून इतर कुणाला तुम्हाला ते म्हणता आलं नसतं.

काम बरोबर आहे, मुकादम. घ्या पुढं.